फवारणी सर्वांत शेवटी

मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एक आकडा गाजला : ३ लाख १९ हजार ४००. मंत्रालयात आठवडाभरात एवढे उंदीर मारल्याचे कागदोपत्री दिसते, असे एकनाथ खडसे यांनी सभागृहात सांगितले. पुढे खुलासा झाला, की हा आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. राजकारण बाजूला ठेवून या खुलाशाकडे पाहिले, तर सरकारी कार्यालयांतल्या कीटक नियंत्रणाचे खरे दुखणे हाती लागते. गोळ्या किती टाकल्या हे लिहायला रकाना असतो. उंदीर किती कमी झाले, कपाटामागच्या लेंड्या बंद झाल्या का, रेकॉर्ड रूममध्ये दिवसभर बसणाऱ्या माणसाचा खोकला थांबला का, हे लिहायला सहसा रकानाच नसतो.

तहसील, पंचायत समिती, भूमी अभिलेख, कोषागार, पोलीस ठाणे, तलाठी कार्यालय अशा ठिकाणी रोज आठ-नऊ तास बसणाऱ्यांसाठी आणि त्या कार्यालयांच्या प्रमुखांसाठी हा लेख आहे. उंदीर, झुरळे, डास, वाळवी, कबुतरे यांचा त्रास हा साफसफाईतला किरकोळ प्रश्न समजून शिपायावर सोडून दिला जातो. तो कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे, आणि त्यातले मोठे काम फवारणीच्या आधी करायचे असते.

कायदा कुठे थांबतो

कामाच्या जागी आपले संरक्षण करणारा कायदा असणारच, असे आपण धरून चालतो. सरकारी कार्यालयाच्या बाबतीत ते पुरते खरे नाही. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण केंद्र आणि राज्य सरकारची कार्यालये तिच्यातून वगळलेली आहेत. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियमही सरकारी कार्यालयांना लागत नाही. म्हणजे अस्वच्छ जागेबद्दल खासगी कंपनीला जाब विचारणारी जी यंत्रणा आहे, ती तहसील कचेरीच्या दारात थांबते.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. सरकारी कार्यालयात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांना ही संहिता लागू आहे. झाडलोट करणारी बाई, सुरक्षारक्षक, फवारणी करायला आलेला मुलगा हे सगळे तिच्या कक्षेत येतात. सर्वांत जास्त धोकाही त्यांनाच असतो. उंदराच्या लेंड्या आणि कबुतरांची विष्ठा साहेबांना उचलावी लागत नाही. या कामगारांना रबरी मोजे आणि मास्क न देता हे काम करून घेणे अन्यायाचे आहे, आणि आता ते बेकायदाही ठरू शकते.

कायम कर्मचाऱ्यांच्या हाती काय राहते? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे तत्त्व भक्कम आहे. पण रोजच्या व्यवहारात ते कार्यालयप्रमुखाच्या एका आदेशातून आणि आपल्या एका टिपणीतूनच अमलात येते. म्हणून लेखी कामाला या विषयात फार महत्त्व आहे. शेवटी त्याकडे पुन्हा येईन.

उंदीर : आधी भोक, मग विष

उंदीर तीन गोष्टींसाठी कार्यालयात येतो : खाणे, पाणी आणि लपायला जागा. या तिन्ही आपणच पुरवतो. ड्रॉवरमधला बिस्किटाचा पुडा, टेबलावर खाल्लेल्या डब्याचे सांडलेले कण, संध्याकाळी न उचललेली कचऱ्याची बादली. जयंतीचा किंवा निरोप समारंभाचा कार्यक्रम झाला, की हार, नारळाचे तुकडे आणि पेढ्यांचे खोके दोन-दोन दिवस कोपऱ्यात पडून राहतात. शुक्रवारी कार्यक्रम झाला असेल, तर सोमवारपर्यंत उंदरांना मोकळे रान मिळते. पाण्याच्या पिंपाखालची ओल आणि वातानुकूलन यंत्राची गळती त्यांची तहान भागवते. लपायला मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले संगणक आणि निर्लेखनाची वाट पाहणारे भंगार असतेच.

म्हणून पहिला नियम खाण्याचा. जेवण एकाच ठरलेल्या खोलीत किंवा कोपऱ्यात करायचे, फरसाण-बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि कचरा कार्यालय बंद होण्याआधी इमारतीबाहेर काढायचा. सकाळी कचरा काढण्याची सवय बहुतेक कार्यालयांत आहे. ती बदलून संध्याकाळी काढला, तर रात्रीची मेजवानी बंद होते. या एका बदलाला पैसा लागत नाही. सफाईच्या वेळा बदलण्याचा आदेश लागतो.

दुसरे काम भोके बुजवण्याचे. करंगळी जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो. वायर आणि इंटरनेटच्या केबल ज्या भिंतीतून आत येतात ती भोके, एसीच्या नळीभोवतीची फट, न्हाणीघराची उघडी मोरी आणि दाराखालचा पोकळ भाग या जागा आधी पाहा. कागदाचा बोळा किंवा थर्मोकोल कोंबून उपयोग नाही, तो उंदीर कुरतडतो. तारेच्या काथ्यावर सिमेंटचा गिलावा द्यावा लागतो, दाराला खाली पत्र्याची पट्टी लावावी लागते, मोरीवर लोखंडी जाळी बसवावी लागते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावेच लागते. विजेच्या वायरी त्यातूनच उघड्या पडतात. कुरतडलेली वायर दिसली, तर चिकटपट्टी गुंडाळून वेळ भागवू नका. त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून वीजतंत्रीला बोलवा. जुन्या कागदांनी भरलेल्या खोलीत एक ठिणगी पुरते.

उंदीर नेमके कुठून येतात हे कळत नसेल, तर शुक्रवारी जाताना भिंतीकडेने थोडी रांगोळी भुरभुरून ठेवा. सोमवारी तिच्यावरची पावले वाट दाखवतात. भोके बुजवल्यावर हाच प्रयोग पुन्हा केला, की काम झाले की नाही तेही समजते.

पिंजरा आणि विष यानंतर. विषाचे आमिष खाऊन उंदीर लगेच मरत नाही, ब्रोमाडायोलोनसारख्या विषाला काही दिवस लागतात. तेवढ्यात तो छताच्या वर किंवा कपाटामागे जाऊन मरतो आणि पंधरा दिवस दुर्गंधी सुटते. शिवाय मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा दुसरे अंग शोधू लागतात. थोड्या उंदरांसाठी पिंजरा बरा. विष ठेवायचेच असेल, तर ते कुलूपबंद आमिषपेटीत ठेवावे, पेट्यांना क्रमांक द्यावेत आणि त्या कुठे आहेत याचा नकाशा कार्यालयात लावावा. टेबलाखाली उघड्यावर टाकलेल्या गोळ्या कामासाठी आलेल्या बाईबरोबरच्या लहान मुलाच्या हाती लागू शकतात.

धान्यात ठेवल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र कार्यालयात कोणीही, कोणत्याही कारणासाठी ठेवू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. बंद खोलीत तो जीव घेतो, आणि त्यावर उतारा नाही. "दुकानातून दोन गोळ्या आणून टाकल्या" असे कोणी सांगितले, तर त्या खोलीतून सगळ्यांनी तत्काळ बाहेर पडावे.

उंदरांमुळे होणाऱ्या आजारांत आपल्याकडे सर्वांत आधी लक्षात ठेवायचा तो लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या लघवीतले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्या-तोंडावाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरले, की गठ्ठे वाचवायला शिपाई आणि हमाल अनवाणी उतरतात. गठ्ठ्यांइतकेच त्यांचे पायही वाचवायला हवेत. गमबूट आणि रबरी मोजे पावसाळ्याच्या आधीच घेऊन ठेवा. अशा पाण्यात उतरावे लागले, तर साबणाने पाय धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही, हे ते ठरवतील.

त्यानंतरच्या काही दिवसांत, अगदी महिनाभरातसुद्धा, अचानक ताप आला, पिंढऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली किंवा कावीळ दिसली, तर अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा : "मी रेकॉर्ड रूममध्ये काम करतो, तिथे उंदीर आहेत, गेल्या आठवड्यात पाणी शिरले होते." हे वाक्य फार मोलाचे आहे. रुग्ण कुठे काम करतो हे कळले नाही, तर या तापाला साधा व्हायरल ताप समजले जाण्याची शक्यता असते.

प्लेगची आठवणही ठेवायला हवी. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगने महाराष्ट्राला काय दाखवले ते आपण जाणतो. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात संशयित रुग्ण आढळले होते. घाबरून जायचे कारण नाही. पण विष न ठेवताही आवारात उंदीर पटापट मरून पडू लागले, तर ते झाडून टाकू नका. हात न लावता आरोग्य विभागाला कळवा.

लेंड्या साफ करण्याची एक पद्धत आहे आणि ती सफाई कामगाराला शिकवलीच पाहिजे. कोरडा झाडू मारायचा नाही. खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यायची, मोजे-मास्क घालायचे, लेंड्यांवर जंतुनाशक द्रावण शिंपडून पाचएक मिनिटे थांबायचे, मग फडक्याने किंवा कागदाने टिपून पिशवीत बांधायचे. साध्या फरशीवर ब्लीचचे पातळ द्रावण चालते. मात्र ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकाच बादलीत कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. कागदावर ब्लीच अजिबात वापरायचे नाही.

रेकॉर्ड रूम : सर्वांत जास्त लक्ष इथे

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरच्या कर्मचाऱ्यांनी कुणबी नोंदी शोधायला जुनी दप्तरे उघडली. मोडीतले कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, वर्षानुवर्षे न सोडलेले रुमाल. त्या निमित्ताने आपल्या रेकॉर्ड रूमची अवस्था पुष्कळांनी पहिल्यांदा जवळून पाहिली. गठ्ठा सोडला, की धूळ, कसर, झुरळांची अंडी, पाकोळीची विष्ठा आणि वाळवीची माती एकदम नाकात जाते. दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ती धूळ तिथल्या तिथे त्रास देते. इतरांना ती हळूहळू खोकल्याची सवय लावते.

जुन्या गठ्ठ्यांवरच्या पांढरट भुकटीबद्दल विशेष सावध राहायला हवे. गॅमेक्झिन नावाने ओळखली जाणारी बीएचसी पावडर एके काळी वाळवीसाठी सर्रास टाकली जायची. भारतात बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, पण अशी कीटकनाशके सहजासहजी विरून जात नाहीत. ती भुकटी कसली हे सांगता येत नसेल, तर विष समजूनच वागा. फुंकर मारू नका. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय आजच सोडा. ती सवय कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. उंदराची लघवी, बुरशी आणि जुने विष या तिन्हींना तोंडात जाण्याचा तोच सरळ रस्ता आहे. तिकीट ओले करायला वापरतात तो पाण्याचा स्पंज टेबलावर ठेवला, की काम भागते.

शोधकामाची मोठी मोहीम निघाली, तर तिच्या खर्चातच एन-९५ मास्क, पातळ मोजे आणि मऊ ब्रश यांची तरतूद करा. रुमालाने तोंड बांधून ही धूळ अडत नाही. गठ्ठा खोलीत न सोडता खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात, वाऱ्याकडे पाठ करून सोडावा. दर तासाला थोडा वेळ मोकळ्या हवेत जावे. गरोदर कर्मचारी, दम्याचे रुग्ण आणि नुकतेच मोठ्या आजारातून उठलेले सहकारी यांना या कामातून वगळावे. त्यांना ते मागावे लागू नये, प्रमुखाने स्वतः विचारावे. चहा-डबा या खोलीत न्यायचा नाही, आणि बाहेर आल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

डांबराच्या गोळ्यांचा वास आला, म्हणजे कागद सुरक्षित आहेत असा एक समज आहे. बंद खोलीत नॅफ्थलिनची वाफ दिवसभर हुंगणे माणसाला बरे नाही. डोकेदुखी, मळमळ सुरू होते, आणि काहींच्या रक्तावर तिचा गंभीर परिणाम होतो. माणसे बसतात त्या खोलीत त्या नकोतच. कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड घालण्याची आपली जुनी रीत निरुपद्रवी आहे, पण एकट्या तिच्यावर विसंबू नये. खरे काम कोरडेपणा करतो. ओल असेल तिथे कसर आणि बुरशी, आणि जमिनीशी संपर्क असेल तिथे वाळवी. लाकडी घोडे काढून लोखंडी मांडण्या आणा, त्या भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा, सर्वांत खालचा खण जमिनीपासून उंच ठेवा. भिंतीवर चढलेली मातीची बारीक नळी दिसली, की वाळवी आली. नळी पुसून टाकल्याने ती जात नाही. तिचे मूळ वसतिस्थान जमिनीत असते. बांधून झालेल्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त कसा करायचा याचे भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ चा तिसरा भाग. सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र लिहिताना त्याचा उल्लेख करा, म्हणजे नुसते भिंतीवर रॉकेल शिंपडून काम उरकले जाणार नाही.

आणि नको असलेले कागद काढून टाका. अभिलेखांचे वर्गीकरण करण्याची, सहा गठ्ठा पद्धतीची आणि मुदत संपलेल्या कागदांच्या रीतसर नाशाची तरतूद आपल्याकडे आधीपासून आहे. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, बाकीच्यांना ठरलेली मुदत आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ पाळूनच हे करायचे. वाळवी लागली म्हणून कोणी परस्पर गठ्ठे जाळू नयेत. खरे सांगायचे, तर वर्गीकरण रखडलेल्या रेकॉर्ड रूमला कुठलीच फवारणी पुरत नाही. जिथे माणसाला चालायला वाट नाही, तिथे झाडणार कोण?

डास : जप्तीच्या गाड्यांपासून कूलरपर्यंत

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. म्हणजे नेमका कार्यालयीन वेळेत. तो घाण गटारात वाढत नाही, साध्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तहसील आणि पोलीस ठाण्याच्या आवारात अवैध वाळूचे जप्त ट्रक आणि मुद्देमालातल्या गाड्या वर्षानुवर्षे उभ्या असतात. त्यांची टायरे, उघडे हौदे आणि मोडकी बॉनेटे पहिल्याच पावसात भरतात. खटला निकाली निघेपर्यंत गाडी हलवता येत नसेल. पण तिच्यावर ताडपत्री घट्ट बांधता येते, टायरला भोक पाडण्याची परवानगी मागता येते, आणि तेही नाही जमले तर पाणी उपसता येते. पावसाळ्यात हे काम दर आठवड्याला कोण करणार, त्याचे नाव आदेशात हवे.

आत आले, की कूलर, फुलदाण्या, कुंड्यांखालच्या बशा, छतावरची झाकण नसलेली टाकी आणि फ्रिजच्या मागची पाण्याची ताटली पाहा. पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी होऊनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले, की फुटतात. म्हणून कूलर आणि टाकी काथ्याने घासावी लागते. गावोगाव पाळला जाणारा कोरडा दिवस कार्यालयानेही पाळावा; शुक्रवारची संध्याकाळ त्यासाठी सोयीची. उपसता न येणाऱ्या टाक्यांत गप्पी मासे सोडता येतात; ते आणि अळीनाशक दोन्ही हिवताप विभागाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे मागता येतात. धुराच्या फवारणीने समाधान मिळते, पण ती फक्त उडणारे डास मारते. अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याने नवे डास तयार होतात.

कबुतरे, झुरळे, साप

एसीच्या बाहेरच्या भागावर आणि छज्जांवर बसणाऱ्या कबुतरांना दाणे टाकणारे कार्यालयातही असतात. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद झाला, त्याने हा विषय घराघरांत पोचवला. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दाणे बंद करा, छज्जांना जाळी लावा, आणि विष्ठा आधी पाण्याने पूर्ण भिजवून मगच खरवडा, मास्क लावून. एसीच्या हवा आत घेणाऱ्या बाजूला घरटे असेल, तर ते काढेपर्यंत एसी बंद ठेवा.

झुरळांच्या विष्ठेने आणि कवचाच्या भुकटीने दमा बळावतो. चहाची जागा, मोरी आणि उबदार संगणक यांच्याभोवती ती जमतात. फवाऱ्यापेक्षा जेलचे बारीक ठिपके जास्त उपयोगी पडतात, आणि जेल लावलेल्या जागी वरून फवारा मारू नये, नाहीतर झुरळे जेलकडे फिरकत नाहीत. बाकड्यांतले ढेकूण मारायला उन्हाळ्यातले कडक ऊन आणि उकळते पाणी मदत करते. पण बाकडे खिळखिळे झाले असेल तर निर्लेखन बरे.

ग्रामीण कार्यालयांत साप उंदरांच्या मागे येतो, हेही उंदरांच्या हिशेबातच धरायचे. गवत काढा, भंगार हलवा, अंधारात गठ्ठ्यामागे हात घालण्याआधी काठी आणि बॅटरी वापरा. साप दिसला तर वन विभागाला किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. दंश झाला तर आवळून दोरी बांधू नका, जखम चिरू नका. हात-पाय न हलवता १०८ वरून प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. कोकणातल्या जुन्या इमारतींत विंचवाचे प्रमाण जास्त. महाडला काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवले आणि अनेक जीव वाचवले, तेव्हा मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. इमारतीवर आग्या मोहोळ बसले, तर दुपारी धूर करण्याचे धाडस कोणी करू नये. जाणकार माणसाकडून, अभ्यागत नसताना ते काढून घ्यावे.

गावोगाव हिंडणाऱ्या तलाठी, ग्रामसेवक आणि वनरक्षकांसाठी एक वेगळी सूचना. गवतातून फिरून आल्यावर काही दिवसांनी ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा. २०१८ मध्ये विदर्भात पसरलेल्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते. तो वेळेत ओळखला, तर औषधाने बरा होतो.

फवारणी द्यायचीच असेल तर

फवारणीवाल्यालाही जीव आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तोच धोका पाठीवर पंप घेऊन बंद खोलीत शिरणाऱ्या मुलाला असतो, फक्त त्याची बातमी होत नाही.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ खाली व्यावसायिक कीटक नियंत्रणासाठी परवाना लागतो. दर मागवतानाच त्याची प्रत मागा. कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या खोलीत, हे लिहून घ्या. डब्यावर चौकटीत रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध माणसे बसतात त्या जागी वापरायला का लागते, याचे लेखी कारण मागा. फवारणाऱ्याला मास्क, मोजे, गॉगल आहेत की नाहीत, हे काम सुरू होण्याआधी पाहा. नसतील तर काम थांबवा.

वेळ शुक्रवारी संध्याकाळची ठेवा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे जिथे तो लागू आहे तिथे मध्ये दोन दिवस मिळतात. फवारणीची सूचना तीन-चार दिवस आधी फलकावर लावा. पाण्याचे माठ, कप आणि हिरकणी कक्षातले सामान झाकून किंवा हलवून ठेवा. सोमवारी एक जण तासभर आधी येऊन सगळी दारे-खिडक्या उघडेल, टेबले ओल्या फडक्याने पुसून घेतली जातील, आणि मगच इतरांनी बसायचे. तरीही कोणाला डोकेदुखी, उलटी, धाप लागणे, डोळ्यांतून पाणी येणे असा त्रास झाला, तर त्याला मोकळ्या हवेत आणा आणि औषधाच्या डब्याचे लेबल सोबत घेऊन रुग्णालयात न्या. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले, तर उपचार लवकर सुरू होतात. ज्या कार्यालयाला त्या औषधाचे नावच माहीत नाही, तिथे हे कसे जमणार?

देयक मंजूर करताना किती लिटर औषध वापरले यावर थांबू नका. फवारणीआधी एका आठवड्यात आठ ठिकाणी लेंड्या दिसल्या आणि नंतर दोन ठिकाणी, अशी नोंद असेल तर काम झाले. नसेल, तर ठेकेदाराला पुन्हा यायला सांगा. ती अट करारातच घाला.

कागदावर आणा

या नोंदीसाठी एक साधी वही ठेवा. आवक-जावक टेबलावर असलेली चांगली, कारण तिथे सगळेच येतात. तारीख, जागा, काय दिसले, कोणी पाहिले आणि त्यावर काय केले असे पाच रकाने पुरेत. शिपाई, सफाई कामगार, अभिलेखापाल कोणीही लिहावे. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. महिन्यातून एकदा कार्यालयप्रमुखाने ती वाचून सही करावी. इमारत ज्यांच्या देखभालीखाली आहे, त्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याला त्याच वहीच्या आधारे पत्र जावे : कोणत्या खोलीत, किती भोके, कोणती मोरी, किती फुटांची भिंत ओली. "उंदरांचा त्रास होत आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी" एवढ्या वाक्यावर कोणताही अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. मोजे, मास्क, जाळी, झाकणाच्या बादल्या हा खर्च कार्यालयीन खर्चाच्या शीर्षाखाली बसतो; त्यासाठी वेगळ्या अनुदानाची वाट पाहायची गरज नाही.

आणि प्रमुखानेच लक्ष दिले नाही तर? आपली टिपणी तोंडी सांगू नका. लिहून द्या आणि आवक क्रमांक घ्या. एकट्याने देण्यापेक्षा शाखेतल्या चार-पाच जणांनी सही केलेली बरी. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना तिची प्रत द्या. रेकॉर्ड रूममधल्या कोणाला ताप, दमा, कातडीचा विकार झाला, तर वैद्यकीय कागदांवर कामाच्या जागेचा उल्लेख करून घ्या. पुढे कधी तो संबंध दाखवायचा झाला, तर हाच कागद कामी येतो. महिनाभरात काही हालले नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा उल्लेख करून माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागा : या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची प्रत, आणि गेल्या तीन वर्षांत कीटक नियंत्रणावर दिलेल्या देयकांच्या प्रती, वापरलेल्या औषधांच्या नावांसह.